आमच्या घरातला गॉथिक काळ

"घरात कोणी मेलंय का?"

हे वाक्य मी एका सोमवारी सकाळी, अर्ध्या तोंडावर दाढीचा फेस असताना उच्चारलं. सोमवारी सकाळी बँकेतल्या कारकुनाच्या मुखातून सुभाषितं बाहेर पडत नाहीत हे मान्य. पण हे वाक्य मला फार महाग पडलं. पुढचे चार महिने मी त्याचं चक्रवाढ व्याज भरत होतो.

त्याचं असं झालं. मी न्हाणीघराच्या आरशासमोर उभा असताना मागून आमची कन्या प्रकट झाली. वय वर्षं एकोणीस, कॉलेजचं दुसरं वर्ष. अंगात काळा सदरा, खाली काळा घोळदार घागरा, पायांत आमच्या बँकेच्या वॉचमनलाही न्यूनगंड यावा असे काळे बूट. नखं काळी, ओठ काळे, डोळ्यांभोवती दोन-दोन बोटं काळं आणि उरलेल्या तोंडाला पांढरं. रात्री नीट झोपलेली पोर सकाळी कोळशाच्या वखारीतून निघून पिठाच्या गिरणीमार्गे घरी आलेली दिसत होती.

"बाबा, याला गॉथ म्हणतात," ती म्हणाली.

"आपल्या गोतात असलं कोणी केलेलं नाही!" मी म्हणालो. आणि मग ते वाक्य.

स्वयंपाकघरात आत्या विळीवर गवार मोडत होती. विळीवर गवार मोडण्याचा आवाज तो काय असणार? पण तो थांबला की घरात कळतं. तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला. कोणी काही बोललं नाही. आमची ही चहाचा कप माझ्यासमोर ठेवून गेली. पण ज्या पद्धतीनं ठेवला, त्यावरून त्यात साखर नसणार हे मी पिण्याआधीच ओळखलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. तिचे यजमान १९७६ साली गेले तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. माझा तर तेव्हा जन्मही व्हायचा होता. तेव्हापासून ती आमच्याकडे. मी शहाणा झाल्यापासून (आमच्या हिच्या मते अजून व्हायचा आहे) आत्याला मी पांढऱ्या, राखी किंवा फिक्या निळ्या लुगड्यातच पाहिलेलं. दर संक्रांतीला घरात हळदीकुंकू होतं. बायका काळ्या साड्या नेसून येतात, आणि आत्या आत बसून सगळ्यांसाठी तिळाचे लाडू वळते. बाहेर येत नाही. तिला कोणी "येऊ नकोस" म्हणालेलं मला आठवत नाही. "ये" म्हणालेलंही आठवत नाही.

त्या दिवशी लोकलमध्ये मला खिडकी मिळाली, तरी सुख वाटलं नाही. काळे कपडे म्हणजे मेलेलं माणूस, हा हिशेब मी कुठल्या खातेवहीतून उतरवला होता? मंगळसूत्राचे मणी काळे. दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या गालाला तीट काळी. संक्रांतीला नव्या सुनेला पहिली साडी काळी. एवढं सगळं काळं जमेच्या बाजूला असताना मी मात्र थेट खर्ची टाकून मोकळा झालो होतो. मी बी.कॉम. आहे. ताळमेळ लागला नाही की मला जेवण जात नाही. तेव्हा ठरवलं, हे गॉथ प्रकरण मुळापासून तपासायचं. जेवणाच्या सुट्टीत मी वाचायला लागलो आणि रात्री जेवताना घरच्यांना ऐकवायला लागलो. घरच्यांनी ऐकलं, कारण त्या सुमारास आमचा टीव्ही बिघडलेला होता.

पहिली गोष्ट म्हणजे मूळचे गॉथ काळे कपडे वगैरे घालत असल्याचा काही पुरावा नाही. ते जर्मन वंशाचे लढवय्ये लोक. त्यांच्यापैकी व्हिसिगॉथ नावाच्या शाखेनं अ‍ॅलरिक या राजाच्या हाताखाली ४१० साली रोम शहर तीन दिवस लुटलं. लुटताना लिपस्टिक लावली होती की नाही याबद्दल इतिहास गप्प आहे. पुढे हे लोक इतरांत मिसळून नाहीसे झाले, पण नाव मागं ठेवून गेले. आणि नाव एकदा खराब झालं की काय होतं, हे कर्जाचा हप्ता चुकवलेल्या कोणालाही विचारा. सोळाव्या शतकात इटलीत जॉर्जो व्हासारी नावाचा चित्रकार आणि चरित्रकार होऊन गेला. त्याला मधल्या काळातली टोकदार कमानींची, उंचच उंच चर्चं मुळीच आवडत नसत. त्यानं ती गॉथ लोकांच्या नावावर टाकली. गॉथ म्हणजे रानटी. असलं रानटी बांधकाम दुसरं कोण करणार? खरं तर ती शैली सुरू झाली बाराव्या शतकात पॅरिसजवळ, गॉथ संपल्यावर कित्येक शतकांनी. म्हणजे 'गॉथिक' हा शब्द मुळात एक शिवी, तीही चुकीच्या खात्यावर नावे टाकलेली. ही चूक आजतागायत दुरुस्त झालेली नाही. आमच्या बँकेत एवढी चालली असती तर माझी कधीच चौकशी लागली असती.

इथं मला एक साक्षात्कार झाला. आमची शाखा फोर्टात. रोज मी ज्या स्टेशनवर उतरतो, ज्याचं नाव १८८७ साली राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून व्हिक्टोरिया टर्मिनस ठेवलं, ते १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि २०१७ साली त्यात 'महाराज' आलं, ते स्टेशन गॉथिकच! फ्रेडरिक स्टीव्हन्स या वास्तुविशारदाचं. टोकदार कमानी, दगडी वेलबुट्टी, भिंतीतून माना बाहेर काढून आ वासलेले प्राणी. त्या प्राण्यांना गार्गॉयल म्हणतात, हेही मला आता कळलं. बावीस वर्षं मी त्यांच्या खालून मस्टर गाठायला पळतोय आणि ते वरून बघताहेत. म्हणजे आमच्या घरातला पहिला गॉथ मी. पोर माझ्यानंतरची.

गॉथिकला भुताखेतांची जोड दिली ती होरेस वॉलपोल या इंग्रजानं. हा पंतप्रधानाचा मुलगा. त्यामुळे वेळ भरपूर. लंडनजवळ ट्विकनहॅमला त्यानं स्ट्रॉबेरी हिल नावाचं घर गॉथिक थाटात सजवलं. आतलं एक कोरीव छत दगडाचं दिसतं, ते चक्क कागदाच्या लगद्याचं! आणि १७६४च्या नाताळात त्यानं 'द कॅसल ऑफ ऑट्रँटो' ही कादंबरी काढली. आधी म्हणे जुन्या इटालियन पुस्तकाचा अनुवाद, आणि खपल्यावर दुसऱ्या आवृत्तीत 'मीच लिहिली' अशी कबुली. तिच्या सुरुवातीलाच लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या अंगावर आभाळातून एक अवाढव्य शिरस्त्राण पडतं आणि नवरदेव जागीच ठार. हे ऐकून आमची ही म्हणाली, "काही नवरदेवांच्या डोक्यावर पडायला हवं होतं, ते राहून गेलं." मी पुढच्या मुद्द्यावर आलो.

पुढचा मुद्दा तोंडाला पांढरं फासण्याचा. युरोपातल्या बड्या घरच्या बायका शतकानुशतकं तोंडाला पांढरं शिसं लावत. व्हेनिसचा माल सर्वांत उंची समजला जाई. उन्हात राबावं लागत नाही, हे जगाला कळावं म्हणून हा खटाटोप. शिसं कातडी खाई, म्हणून खड्डे बुजवायला आणखी शिसं. म्हणजे जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज! कॉव्हेंट्रीची काउंटेस मारिया ही आपल्या काळातली नामांकित सुंदरी १७६० साली अगदी तरुण वयात गेली. या शिशानंच गेली, असं मानलं जातं.

"आणि तू काय लावतेस?" आत्यानं कन्येला विचारलं. गेल्या आठ दिवसांत दोघींमधला तो पहिला संवाद.

"यात शिसं नसतं गं आत्याआजी. साधी पावडर आहे."

"मग गव्हाला मैदा का फासतेस?"

आमची कन्या माझ्यावर गेलीय, सावळी. 'कातडी पांढरी पाहिजे' हा नियम इंग्लंडच्या गोऱ्या पोरांनी आपल्या सोयीनं केला. सावळ्या आणि काळ्या वर्णाची गॉथ पोरं आता आहे त्याच रंगावर हा साज चढवतात आणि तो उठूनही दिसतो, हे तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आत्यानं म्हणणं वेगळं. दुसऱ्या दिवसापासून पिठाची गिरणी बंद झाली. कोळशाची वखार चालू राहिली.

मग आली राणी. इथं मी तीन रात्री घालवल्या, कारण काळ्या कपड्यांचा खरा धंदा इथं आहे.

व्हिक्टोरिया राणीचा नवरा अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी गेला. राणी तेव्हा बेचाळीस वर्षांची. त्या दिवसापासून २२ जानेवारी १९०१ला ती स्वतः जाईपर्यंत, म्हणजे एकोणचाळीस वर्षं, ती काळ्याच कपड्यांत राहिली. अल्बर्टची खोली होती तशी ठेवलेली. दाढीचं गरम पाणीसुद्धा रोज तिथं नेऊन ठेवत. (मला रोज स्वतः तापवून घ्यावं लागतं, आणि मी हयात आहे.) राणी काळं घालते म्हटल्यावर प्रजेचा सुतक पाळण्याचा उत्साह दुप्पट झाला. पण प्रजेला मुदत होती. विधवेनं साधारण अडीच वर्षं सुतकी पोशाख करायचा, त्यातही पायऱ्या. पहिलं एक वर्ष आणि एक दिवस संपूर्ण काळं, वरून क्रेप नावाचं चुरगळलेलं, निस्तेज रेशमी कापड. मग क्रेप कमी. मग चकाकणारं काळं चालेल. शेवटी राखी, जांभळट, फिका जांभळा. आम्ही वाणिज्य शाखेचे लोक याला घसारा म्हणतो. यंत्राची किंमत जशी दरसाल ठराविक टक्क्यानं कमी करत आणायची, तसं दुःख. राणीनं मात्र आपल्या वहीत घसारा मांडायला साफ नकार दिला.

आणि पुरुषांना? बायको गेल्यावर हातमोजे काळे, टोपीला काळी पट्टी, की निघाले कामावर. तिथंही आमच्या जातीनं आपली रजा बरोबर सांभाळली होती.

यावर व्यापार किती उभा राहिला म्हणता! लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १८४१ साली 'जेज्' नावाचं सुतकाच्या कपड्यांचं अख्खं दुकान उघडलं. नुसतं कळवा; त्यांची शिवणारी बाई आगगाडीनं तुमच्या गावी हजर, प्रवासखर्च दुकानाचा. कोर्टोल्ड घराणं क्रेपवर गब्बर झालं. हे क्रेप पावसात भिजलं की रंग सोडायचं, आणि विधवेचा गळा काळा व्हायचा. शिवाय सुतक संपल्यावर क्रेप घरात ठेवणं अशुभ, असा समज. म्हणजे पुढच्या मयताला पुन्हा नवं घ्या! हा समज ज्यानं पसरवला, तो आमच्या बँकेत ठेवी गोळा करायला असता तर शाखेचं उद्दिष्ट एप्रिलातच पुरं झालं असतं.

दागिन्यांतही सुरुवातीला फक्त जेट चालायचं. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांच्या लाकडाचा झालेला काळाकुट्ट दगड, वजनाला हलका. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या व्हिटबी या मासेमारीच्या गावात तो सापडतो. राणीच्या सुतकामुळे भरभराटीच्या काळात त्या गावात हजारावर माणसं जेट घासून मणी करण्याच्या कामाला होती. गरीब बायका मग काळ्या काचेच्या मण्यांवर भागवत.

"थांब," आत्या म्हणाली. "नवरा गेल्यावर त्या काळे मणी घालायच्या?"

"हो."

"आपल्याकडे काढतात."

तिनं ताटातला भात जरा एकत्र केला. मी पाण्याचा पेला उचलून खाली ठेवला.

"आणि अडीच वर्षं म्हणालास ना? म्हणजे त्यांना तरी मुदत होती."

त्यावर मला काही सुचलं नाही. कॉमर्समध्ये हा धडा नव्हता. मी घाईघाईनं सांगून टाकलं की राणीनं मरण्याआधी लिहून ठेवलं होतं, माझी अंत्ययात्रा काळी नको, पांढरी हवी. आणि तिला शवपेटीत ठेवलं ते पांढऱ्या वस्त्रात, तोंडावर १८४०च्या लग्नातला बुरखा घालून. आत्या म्हणाली, "बरं केलंन्." आणि ताक मागितलं.

मग ओट्याशी ती भांडी विसळत असताना मी म्हटलं, "आत्या, त्या सोमवारी मी जे बोललो ना..."

"कुठल्या सोमवारी?" ती म्हणाली. "मला सगळे सोमवार पाठ नाहीत रे. तो झारा दे इकडे."

असो. व्हिटबीचं मात्र संपत नाही. याच गावात १८९० साली ब्रॅम स्टोकर नावाचा नाटक कंपनीचा व्यवस्थापक सुट्टीला आला. तिथल्या वाचनालयातल्या एका पुस्तकात त्याला 'ड्रॅक्युला' हे नाव सापडलं. सात वर्षांनी, १८९७ला, कादंबरी आली. तीत ड्रॅक्युला इंग्लंडच्या भूमीवर उतरतो तो व्हिटबीलाच, मोठ्या कुत्र्याच्या रूपानं. एकाच गावात काळे मणीही आणि ड्रॅक्युलाही! १९९४पासून जगभरचे गॉथ या गावात मेळ्याला जमतात, आणि खानावळवाले त्यांची आपुलकीनं वाट पाहतात. पंढरपूर तिथंही आहे.

डोळ्यांभोवतीच्या काळ्याची हकीकत आणखी मजेची. १९१५ साली 'अ फूल देअर वॉज' या अमेरिकन मूकपटात थीडा बारा नावाची नटी पुरुषांना देशोधडीला लावणारी बाई म्हणून झळकली. डोळ्यांभोवती भरपूर काळं. कंपनीनं जाहिरात केली की ही इजिप्तच्या वाळवंटात जन्मलेली. प्रत्यक्षात बाई ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीची, आडनाव गुडमन. डोळ्यांना लावायचं ते मात्र अस्सल पूर्वेकडचं, म्हणजे आपलं काजळच. साठेक वर्षांनी लंडनच्या 'सूझी अँड द बॅन्शीज' या वाद्यवृंदातल्या सूझीनं तसेच डोळे रंगवले आणि इंग्लंडभरच्या पोरींनी तिचे. म्हणजे माल इथला, अमेरिकेत गेला, लंडनला गेला, आणि आता कन्येनं साडेचारशे रुपयांना आयात केला. परकीय चलनाचा हा अपव्यय मी टिपून ठेवला.

मंडळी 'गॉथ' म्हणून ओळखली जाऊ लागली ती ऐंशीच्या दशकात. १९७९ साली नॉर्थॅम्प्टनच्या 'बाउहाउस' वाद्यवृंदाची एक ध्वनिमुद्रिका आली, 'बेला लुगोसीज् डेड'. लुगोसी म्हणजे १९३१च्या बोलपटातला ड्रॅक्युला. गाणं नऊ मिनिटांवर. कन्येनं ते मला ऐकवलं. पहिली दोनेक मिनिटं मी टेपच बिघडली असं समजत होतो. मग जुलै १९८२मध्ये लंडनच्या सोहो भागात, डीन स्ट्रीटवरच्या गार्गॉयल क्लबात, 'बॅटकेव्ह' नावाची गाण्यानाचण्याची रात्र सुरू झाली. गार्गॉयल! म्हणजे आमच्या स्टेशनातलेच. तिथं ही पोरं जमायची: केस उलटे विंचरून छपरासारखे उभे केलेले, फाटके जाळीदार मोजे, मुलगेही ओठ रंगवलेले. ते वर्षच असं, की ब्रिटनमध्ये बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला होता. खिशात पैसा नाही. तेव्हा जुन्या बाजारातून कोणाच्या तरी आजीची लेस, कोणाच्या तरी काकाचा कोट आणायचा, एकाच डब्यात काळा रंगवायचा, आणि फाटलं तर फाटलेलंच मिरवायचं. वर्तमानपत्रं हसली. पोरं मात्र फारशी भांडखोर नव्हती. कविता वाचणारी, लाजरी अशीच जास्त.

एके रात्री वाचता वाचता मी थांबलो. लँकेशायरमधल्या बेकप या गावी, ऑगस्ट २००७मध्ये, सोफी लँकेस्टर नावाची वीस वर्षांची मुलगी मित्राबरोबर रात्री बागेतून घरी चालली होती. दोघांचे कपडे गॉथ वळणाचे. टोळक्यानं मित्राला मारायला सुरुवात केली. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, तेव्हा तिलाही लाथांनी तुडवलं. तो वाचला. ती तेरा दिवसांनी गेली. कारण एवढंच, की ती वेगळी दिसत होती. तिच्या आईनं पुढे तिच्या नावानं संस्था काढली, आणि २०१३पासून ग्रेटर मँचेस्टरचे पोलीस अशा हल्ल्यांची नोंद द्वेषातून झालेला गुन्हा म्हणून करू लागले.

हे मी जेवताना सांगितलं नाही. वीस आणि एकोणीस यांतली वजाबाकी करायला बी.कॉम. लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून कन्येला क्लासहून यायला उशीर झाला की मी स्टेशनवर जाऊन उभा राहू लागलो. आमच्या उपनगरात फलाटावरची पोरं तिच्याकडे पाहून काहीबाही बोलत. एकानं "ए चेटकीण!" म्हटलं. ती हसून मला म्हणाली, "बाबा, रोजचंच आहे." रोजचंच आहे, आणि मी मात्र घरात दाढीच्या फेसासकट त्या पोरांच्या रांगेत पहिला नंबर लावला होता.

तोवर घरात, माझ्या गैरहजेरीत, दुसराच अभ्यासक्रम सुरू झाला होता. आत्यानं कन्येच्या चेहऱ्याचं लेखापरीक्षण हाती घेतलं होतं. पहिला शेरा: डोळेही काळे आणि ओठही काळे, तर बघणाऱ्यानं बघायचं कुठं? "एकतर डोळे, नाहीतर ओठ. आमटीत मीठ एकदाच घालतात." त्यामुळे काळे ओठ गेले, त्या जागी पिकल्या जांभळाचा गडद रंग आला. तो लावल्यावर ओठ कागदावर टिपून पुन्हा एक हात द्यायचा, म्हणजे पेल्याला लागत नाही, हे कन्येनं आत्याला शिकवलं. दुसरा शेरा कपड्यांवर. सदरा एका काळ्याचा, घागरा दुसऱ्या काळ्याचा. एक निळ्यावर गेलेला, एक विटून तपकिरी झालेला. "काळ्यात काळं जुळवणं सर्वांत अवघड," आत्या म्हणाली. हे तिला कसं ठाऊक, असं मी विचारलं नाही. रंग जुळत नसेल तर पोत बदलायचा: मखमलीशेजारी लेस, सुतीशेजारी रेशीम, मग ते चुकल्यासारखं न दिसता मुद्दाम केल्यासारखं दिसतं. काळे कपडे उलटे करून गार पाण्यात धुवायचे आणि सावलीत वाळत घालायचे, एवढी कामगिरी माझ्याकडे आली.

काजळाचा साडेचारशेचा खर्चही वाचला. आत्यानं एरंडेलाची पणती लावली, वर दोन वाट्यांच्या आधारानं तांब्याची ताटली पालथी घातली. रात्रभरात ताटलीला काजळी धरली. ती खरवडून चार थेंब तुपात घोटली. बाजारातल्या काही सुरम्यांत शिसं निघतं, यात ती भीती नव्हती. मी हे व्हेनिसच्या बायकांच्या संदर्भात सांगू लागलो, पण दोघींचंही लक्ष नव्हतं.

मग संक्रांत आली. सकाळी आत्यानं मला माळ्यावरची तिची पत्र्याची ट्रंक काढायला लावली. तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेली काळी चंद्रकळा होती. तांबडे काठ, अंगभर बारीक ठिपके. १९७०ची, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची. त्यानंतर सहा संक्रांती नेसलेली. पन्नास वर्षं एकाच घडीवर राहिल्यामुळे ती घड्यांवर विरली होती. आमची ही हळहळली, "अगबाई, फाटली की हो आत्या!"

कन्या ती दोन्ही हातांवर घेऊन उजेडाकडे धरून उभी होती. "फाटली नाहीये," ती म्हणाली. "हे असंच हवं असतं. लोक मुद्दाम फाडतात."

"कात्री लावायची नाही हं," आत्या म्हणाली.

"नाही गं. नेसव मला."

संध्याकाळी ती नेसली. आत्यानं विरलेल्या घड्या आत जातील अशा बेतानं निऱ्या काढून दिल्या. एक मोठी चीर पदरावर राहिली, ती कन्येनं मुद्दाम बाहेर ठेवली. खाली तेच वॉचमनला लाजवणारे बूट. वर आमच्या हिनं केलेले हलव्याचे दागिने, काळ्यावर पांढरेशुभ्र. ओठ कोरे, आज डोळ्यांची पाळी होती. बायका यायला अजून अर्धा तास होता. आत्या नेहमीसारखी परात घेऊन आत तिळाच्या लाडवांना बसणार, तेवढ्यात कन्येनं तिच्या हातातली परात काढून माझ्या हातात दिली.

"आत्याआजी, तुला लावू का?"

आत्यानं हिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी परातीत पाहिलं. लाडू वळायचे बाकी होते, पाक गार होत होता, आणि मला लाडू वळता येत नाहीत.

"एकच हं," कन्या म्हणाली. "डोळे नाहीतर ओठ."

"ओठ कसले या वयात," आत्या म्हणाली आणि स्टुलावर बसली. चष्मा काढून तिनं मांडीवर ठेवला. "डोळे लाव."

मला परात खाली ठेवून आरसा धरायला सांगितलं गेलं. बाहेर बेल वाजली. वेळेआधी येणारी एक शेजारीण प्रत्येक इमारतीत असतेच. कोणी दार उघडायला हललं नाही.

"आरसा सरळ धर की रे," आत्या म्हणाली.